बीकन घेतलाय, मग कोर्स कशाला?

पत्राचा सारांश: मूळचे नाशिकचे, सध्या कॅलगरीत राहणारे एक वाचक लिहितात. वय ३६, आयटीत नोकरी, घरी बायको आणि चार वर्षांची मुलगी. ऑफिसातल्या मित्रांच्या नादाने स्नोमोबाइलची, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटरगाडीची, गोडी लागली. तिलाच तिथे स्लेड म्हणतात. आतापर्यंत सपाटीवर आणि जंगलातल्या आखलेल्या वाटांवरच चालवली. यंदा सेकंडहँड पण दमदार माउंटन स्लेड घेतली असून फेब्रुवारीत फॅमिली डेच्या सुट्टीच्या लाँग वीकेंडला चार मित्रांच्या ग्रुपबरोबर ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांतल्या रेव्हलस्टोकला जायचं ठरलं आहे. बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा कळवणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं, एअरबॅग (पाठीवरची, मूठ ओढली की फुगणारी पिशवी) अशी सगळी खरेदी झाली आहे. बायको म्हणते, हिमस्खलन-सुरक्षेचा कोर्स केल्याशिवाय जायचं नाही. ग्रुपचा म्होरक्या वीस वर्षं त्याच डोंगरांत जातो. तो म्हणतो, कोर्स स्कीवाल्यांसाठी असतात, तू फक्त माझ्या मागे राहा. 'सह्याद्रीत इतकी वर्षं भटकलोय, डोंगर मला नवा नाही. ग्रुपमध्ये मी एकटाच भारतीय आहे, "आधी कोर्स करतो" म्हटलं तर भित्रा ठरेन. नाशिकला आईवडिलांना यातलं काहीच सांगितलेलं नाही. बायकोची समजूत कशी घालू?'

उत्तर:

बायकोची समजूत घालू नका. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते का बरोबर आहे हे तुम्हाला पटावं म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्ही स्लेड विकून टाका, छंद सोडा, असं मी अजिबात म्हणणार नाही. रेव्हलस्टोकच्या वरच्या भागात, ताज्या भुसभुशीत बर्फात स्लेड चालवण्यात काय आनंद आहे हे मला माहीत आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की तुम्ही मला जो प्रश्न विचारलाय, त्याच्या आधी आणखी एक प्रश्न येतो आणि तो तुमच्या पत्रात कुठेच नाही. तुम्ही बर्फाखाली गेलात, तर तुम्हाला उकरून कोण काढणार?

पत्रात तुम्ही खरेदीची यादी दिली आहे, आणि ती वाचताना जाणवतं की ती सगळी खरेदी म्हणजे जणू आपलं संरक्षण, असा तुमचा समज आहे. छातीवर बांधलेला बीकन काय करतो? ४५७ किलोहर्ट्झवर एक संदेश सोडत राहतो, बस. तुम्ही बर्फाखाली असाल तेव्हा तुमचा बीकन तुमच्या काहीही कामाचा नसतो. तो कामाचा असतो वर उभ्या असलेल्या माणसाच्या, तेही त्याला स्वतःचा बीकन शोधण्यासाठी वापरता येत असेल तरच. तुमच्या पाठीवरच्या फावड्याचं आणि प्रोबचंही तेच, ती दुसऱ्याला वाचवण्याची हत्यारं आहेत. म्हणजे तुम्ही केलेला कोर्स तुमच्या मित्रांचा जीव वाचवेल, आणि तुमचा जीव अवलंबून आहे तो त्यांनी काय शिकलंय, किती सराव केलाय त्याच्यावर. बायकोने कोर्सची अट फक्त तुम्हाला घातली आहे. मी ती तुमच्या सगळ्या ग्रुपला घालते.

वेळ किती असतो तेही सांगते. गाडलं गेलेल्या माणसाला पहिल्या दहाएक मिनिटांत बाहेर काढलं तर तो जगण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. त्यानंतर ती धाडकन खाली येते, आणि अर्ध्या तासानंतर तीस टक्क्यांच्या आसपास उरते. ब्रिटिश कोलंबियातली शोध आणि बचाव पथकं उत्तम आहेत, स्वयंसेवक जीव तोडून काम करतात, मदतीचे पैसेही घेत नाहीत. पण फोनला रेंज नसलेल्या खोऱ्यातून त्यांना निरोप पोचून, हेलिकॉप्टर उडून ते तिथे येईपर्यंत ही दहा मिनिटं केव्हाच संपलेली असतात. त्या दहा मिनिटांत तिथे असतात फक्त तुमचे चार मित्र.

स्लेडवाल्यांचा कोर्स मी केला आहे, त्यातला शोधाचा सराव तुम्हाला दाखवते. प्रशिक्षक चालू बीकन घातलेली एक पिशवी बर्फात पुरून ठेवतो आणि शिट्टी वाजवतो. आमच्या गटात बरीच वर्षं स्लेड चालवणारा, दणकट अंगाचा एक जण होता. त्याने बीकन शोधाच्या मोडवर टाकला, पडद्यावर आकडा आला, बाणाच्या दिशेने तो धावत सुटला, आणि पोचला तो सरळ बाजूला उभ्या असलेल्या आपल्याच मित्रापाशी. मित्राचा बीकन अजून संदेश सोडत होता, तो शोधाच्या मोडवर न्यायचं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. दुसऱ्या एकाच्या पडद्यावरचे आकडे वेडेवाकडे नाचत होते, कारण जॅकेटच्या वरच्या खिशात मोबाइल चालू होता. पिशवी सापडायला हवी होती त्याच्या कितीतरी नंतर सापडली. आणि ही सगळी मंडळी शांत डोक्याची, उजेडात, कुणीही मेलेलं नसताना.

पुढच्या फेरीला तेच लोक शिस्तीने उतरले. एक जण आधी ओरडून सगळ्यांना मोड बदलायला लावतो, सगळे बीकन खरंच बदलले का ते बघतो. आकडा तीन मीटरच्या आत आला की बीकन बर्फाला जवळजवळ टेकवायचा, हळू सरकवायचा, फिरवायचा नाही. सर्वांत कमी आकडा जिथे मिळेल तिथून प्रोब बर्फाच्या पृष्ठभागाला काटकोनात खुपसत, वीत-दीड वीत अंतराने गोल गोल बाहेर जायचं. प्रोब माणसाला लागला की तो उपसायचा नाही, तसाच ठेवायचा. मग खणायला सुरुवात प्रोबच्या वर नाही, तर उताराच्या खालच्या अंगाने, आडवं आत शिरत. थांबलेल्या हिमस्खलनाचा बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसतो, हाताने उकरता येत नाही. शोधापेक्षा खणण्यातच जास्त वेळ जातो, म्हणून फावडं धातूचं हवं, आणि पुढच्याने खणायचं, मागच्यांनी बर्फ मागे ओढायचा, दमलं की जागा बदलायची. हे वाचून सोपं वाटेल. हाताला वळण लागेपर्यंत सोपं नसतं, आणि प्रत्येक हिवाळ्याच्या सुरुवातीला पुन्हा करावं लागतं.

एअरबॅगविषयी. ती घेतलीत हे चांगलंच केलंत. गंभीर हिमस्खलनात सापडलेल्यांच्या अभ्यासात फुगलेल्या एअरबॅगमुळे मृत्यूचं प्रमाण साधारण २२ टक्क्यांवरून ११ वर आलेलं दिसलं. निम्मं होणं म्हणजे मोठीच गोष्ट, पण उरलेले ११ टक्के विसरू नका. कॅनडातल्या हिमस्खलनाच्या बळींपैकी जवळजवळ चारांतला एक गुदमरून मरत नाही, झाडांवर, खडकांवर आपटून मरतो. तिथे एअरबॅग फारशी कामाला येत नाही. अरुंद घळीत वरून सगळा बर्फ एकाच जागी साचतो, तिथेही तिची मदत मर्यादित. शिवाय तिची मूठ ओढायला हवी, त्यासाठी ती सकाळी गाडीतून उतरतानाच बाहेर काढून ठेवलेली हवी. आणि हे सगळं सामान अंगावर हवं. फावडं नि प्रोब स्लेडच्या मागच्या पिशवीत बांधून ठेवणारे मी पाहिले आहेत. स्लेड गाडली गेली की तेही गेलं.

आता सह्याद्रीबद्दल. इतकी वर्षं घाटवाटा तुडवलेल्या माणसाला 'तुम्हाला डोंगर कळत नाही' असं कोण म्हणेल? तंगडतोड, दिशेचं भान, हवामान बघून माघार घेणं, हे सगळं तुमच्यापाशी आहे आणि ते उपयोगी पडेल. पण एका बाबतीत तुमचा तिथला अनुभव तुम्हाला इथे फसवेल. सह्याद्रीत चूक झाली की डोंगर लगेच सांगतो. घसाऱ्यावर पाय सरकतो, हाताखालचा दगड हलतो, शेवाळावर तोल जातो. त्यातून शिकत शिकत आपण तयार होतो. बर्फाच्या उतारावर बहुतेक वेळा चूक होऊनही काहीच घडत नाही. तुम्ही घातक उतारावरून गेलात, तो सुटला नाही, तुम्ही खाली येऊन हसलात, टाळ्या दिल्यात. मनाने नोंद केली, 'हा उतार चांगला आहे.' खरं तर तुम्ही फक्त अशक्त जागेच्या दोन मीटर बाजूने गेला होतात.

याचं कारण बर्फाच्या पोटात असतं. थंड, निरभ्र रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर दवासारखे नाजूक, पिसासारखे स्फटिक उगवतात. सकाळी उन्हात ते फार सुंदर दिसतात. पुढच्या वादळाचा बर्फ त्यांच्यावर पडला की ते गाडले जातात आणि कित्येक आठवडे अशक्त थर म्हणून खाली टिकून राहतात. वर हळूहळू घट्ट लादी तयार होते. वरून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्या लादीवर स्लेड गेली, आणि लादी पातळ असलेल्या नेमक्या जागी तिचा भार खालच्या थरापर्यंत पोचला, की तडा जातो आणि क्षणात अख्ख्या उतारभर धावतो. वीस जण बिनधास्त जाऊन आल्यावर एकविसाव्याच्या खाली उतार सुटू शकतो. वरती आधीच पडलेले स्लेडचे माग बघून 'म्हणजे सुरक्षित आहे' असं म्हणणं, ही या खेळातली सगळ्यांत घातक समजूत आहे. हिमस्खलनात सापडणाऱ्या दहांपैकी सुमारे नऊ जणांच्या बाबतीत ते स्खलन त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातल्या कुणीतरी सोडवलेलं असतं. डोंगर आपणहून अंगावर आलेला नसतो.

म्हणून म्होरक्याची वीस वर्षं. त्यांचा मी अनादर करत नाही. रस्ते, खोरी, मशीन, हवा याची त्याला उत्तम जाण असणार. पण तो वीस वर्षं सुखरूप परत आला, यावरून त्याचे निर्णय बरोबर होते असं सिद्ध होत नाही. त्याने त्या दिवसाचा हिमस्खलनाचा अंदाज वाचून, उताराचा कोन मोजून, 'आज नको' म्हणून किती वेळा माघार घेतली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते त्याला विचारा.

दोन घटना सांगते. दोन्ही तुमच्यापासून फार लांबच्या नाहीत.

२८ डिसेंबर २००८ रोजी ब्रिटिश कोलंबियातल्या फर्नीजवळच्या हार्वी पास भागात स्पारवुड गावचे ११ जण स्लेड घेऊन गेले होते. स्थानिक, अनुभवी, बीकन बांधलेले. त्यातल्या सात जणांवर हिमस्खलन कोसळलं. बाकीचे चौघे धावत आले आणि आपल्या मित्रांना उकरू लागले. कुणीही तेच केलं असतं. ते खणत असताना त्यांच्यावर दुसरं स्खलन आलं. दोघांनी स्वतःची सुटका करून घेतली, तिसऱ्याला उकरून काढलं, आणि वरचा धोका टळलेला नसल्यामुळे त्यांना बाकीच्यांना तिथेच सोडून निघावं लागलं. आठ जण गेले. त्यांच्यापाशी काय नव्हतं? साधनं होती, अनुभव होता, जिवाला जीव देणारे मित्र होते. मेलेल्यांना दोष द्यायला मी ही घटना सांगत नाही. त्या दिवसानंतर इथल्या स्लेडवाल्यांच्या जगात फार काही बदललं, स्लेडवाल्यांच्या प्रशिक्षणाचा आग्रह वाढला, तो त्यांच्या जाण्यामुळे. कोर्समध्ये आज पहिली गोष्ट शिकवतात ती हीच: धावायच्या आधी वर बघा, अजून काय सुटायचं बाकी आहे?

दुसरी घटना तुम्ही जाणार आहात तिथलीच. १३ मार्च २०१०, रेव्हलस्टोकचा बोल्डर माउंटन. स्लेडवाल्यांचा एक अनौपचारिक मेळावा होता, सुमारे दोनशे माणसं उताराच्या पायथ्याशी जमली होती. वर हायमार्किंग चाललं होतं, म्हणजे उतारावर कोण जास्त उंच चढून वळतो याची चुरस. त्या शनिवार-रविवारसाठी हिमस्खलनाचा विशेष इशारा आधीच दिलेला होता. उतार सुटला आणि खाली उभ्या असलेल्यांवर आला. दोघांचा मृत्यू झाला, तीसेक जखमी झाले. त्या गर्दीतले बरेच जण उतारावर गेलेलेच नव्हते, खाली उभे राहून बघत होते. तुमच्या मित्राचं 'फक्त माझ्या मागे राहा' हे वाक्य इथे कुठे बसतं, विचार करा. मागे राहणं म्हणजे नेमकं कुठे उभं राहणं?

आता 'कोर्स स्कीवाल्यांसाठी असतात' हे वाक्य. एके काळी त्यात तथ्य होतं. स्कीवाल्यांच्या वर्गात एखाददुसरा स्लेडवाला अंग चोरून बसायचा. आज तसं नाही. अ‍ॅव्हलांच कॅनडा ही हिमस्खलन-सुरक्षेचं काम करणारी रेव्हलस्टोकमधलीच संस्था, तिचा अ‍ॅव्हलांच स्किल्स ट्रेनिंग १, लोक ज्याला एएसटी १ म्हणतात, तो स्लेडवाल्यांसाठी वेगळा घेतला जातो. साधारण एक दिवस वर्गात आणि एक दिवस आपापल्या स्लेडवर बर्फात. शिकवणारे स्वतः स्लेड चालवणारे असतात. नाव नोंदवताना एवढंच विचारा, 'हा स्लेडवाल्यांचा आहे ना?'

फरक का पडतो तेही सांगते. स्कीवाला घाम गाळत तासाभरात एक उतार चढतो, चढताना पायाखालचा बर्फ त्याला बोलका असतो. तुम्ही एका दिवसात डझनावारी उतार, तीन-तीन खोरी पालथी घालता. म्हणजे प्रत्येक निर्णयाला मिळणारा वेळ कमी, आणि निर्णय अनेक. बर्फाचा थर खचताना 'धप्प' असा खोल आवाज येतो, तो धोक्याचा सगळ्यांत स्पष्ट इशारा. इंजिन आणि हेल्मेट यांच्यामध्ये तो तुम्हाला ऐकूच येत नाही. म्हणून मधून मधून सुरक्षित जागी थांबून, इंजिन बंद करून, उतरून चार पावलं चालायचं. हे कुणी शिकवल्याशिवाय सुचत नाही.

आणि एक प्रसंग तर खास स्लेडवाल्यांचाच. मित्र उतारावर चढताना अडकतो, स्लेड रुतते. खालून दुसरा मदतीला वर जातो. आता त्याच उतारावर दोन मशीन, दोन माणसं, आणि वर गेलेल्याला सगळं लक्ष रुतलेल्या स्लेडकडे द्यायचं आहे. अडकलेल्या मित्राच्या मदतीला जाणं आपल्याला माणुसकी वाटते, ती तशी आहेही, पण त्या उतारावर नियम असा की अडकलेल्याने स्वतःच स्लेड काढायची, बाकीच्यांनी उताराच्या वाटेतून बाजूला, एकमेकांना दिसतील असं थांबून नजर ठेवायची. एका वेळी उतारावर एकच. गाड्या लावायच्या त्या उताराच्या टप्प्याबाहेर, शेजारी शेजारी, तोंड बाहेरच्या दिशेला, निघता येईल अशा. हे तुमचा म्होरक्या पाळतो का? पाळत असेल तर मला त्याच्याबद्दल निम्मी काळजी कमी होईल.

'भित्रा ठरेन' या वाक्यापाशी मी सगळ्यांत जास्त वेळ थांबले. परक्या देशात, एकटेच भारतीय असताना, आपल्याला आपल्यातलं मानणारा एखादा ग्रुप मिळणं किती मोलाचं असतं, हे परदेशात राहिलेल्या प्रत्येक मराठी माणसाला कळेल. नव्याने सामील झालेला माणूस जास्त होकार देतो. विचारायचे प्रश्न गिळतो. त्याला वाटतं, यांना माहीतच असेल. हिमस्खलनातून वाचलेल्यांच्या कहाण्यांमध्ये एक वाक्य पुन्हा पुन्हा सापडतं, 'मला आतून बरं वाटत नव्हतं, पण बोललो नाही.' ते वाक्य बहुतेक वेळा नवख्याचं, लहानाचं किंवा पाहुण्याचं असतं. तुम्ही नवखे आहात, आणि एका अर्थी पाहुणेही. म्हणूनच तुमचं बोलणं त्या ग्रुपला हवं आहे. चांगल्या गटात एकाचा नकार पुरेसा असतो, त्याला कारण विचारत नाहीत, टोमणा मारत नाहीत, उतार बदलतात. कोर्स करून आलेल्या ग्रुपमध्ये हे आपसूक येतं, कारण तिथे 'मला भीती वाटते' असं म्हणावं लागत नाही. 'आज धोक्याचा आकडा तीन आहे, हा उतार पस्तीस अंशांचा आहे, खाली घळ आहे' असं म्हणता येतं, आणि सगळ्यांना ते कळतं.

तर ग्रुपला असा निरोप टाका: 'मी फॅमिली डेच्या आधी स्लेडचा एएसटी १ करतोय. तुमच्यापैकी कुणी शेवटचा शोधाचा सराव कधी केला होता? ट्रिपच्या पहिल्या सकाळी पार्किंगमध्ये अर्धा तास बीकनचा सराव करू या का? मला तुमच्यातल्या कुणाला तरी शोधावं लागलं तर नीट यायला हवं.' शेवटचं वाक्य ठेवाच. त्यात भित्रेपणा शोधायला कुणी धजावणार नाही. आणि कुणी हसलंच, सराव टाळला, तर वाईट वाटून घेऊ नका. ट्रिपच्या आधीच तुम्हाला एक फार महत्त्वाची गोष्ट कळलेली असेल, संकटात ते चौघे काय करू शकतील याबद्दल.

मग पर्याय काय उरतात?

ग्रुप तयार झाला तर सर्वांत उत्तम. सगळ्यांना पूर्ण कोर्स शक्य नसेल तर कम्पॅनियन रेस्क्यू स्किल्स नावाचा एक दिवसाचा वर्ग असतो, फक्त शोध आणि सुटकेचा. जुन्या खेळाडूंना तो जास्त रुचतो, त्यांना तरी तेवढ्यासाठी न्या. तुम्ही स्वतः आज रात्रीच अ‍ॅव्ही सॅव्ही ही अ‍ॅव्हलांच कॅनडाची मोफत ऑनलाइन शिकवणी सुरू करा. ती कोर्सची जागा घेत नाही, पण वर्गात गेल्यावर तुम्ही कोरे नसाल. बायकोलाही बरोबर बसवा. त्यांना काय विचारायचं ते कळेल.

ग्रुप तयार नसेल आणि तुमचा कोर्स झालेला असेल, तरी जाता येतं, पण मग दिवस आणि भूभाग तुम्ही निवडायचा, नाही तर वरच्या उतारांवर जायचं नाही. अ‍ॅव्हलांच कॅनडाचा हिमस्खलनाचा अंदाज दुसऱ्या दिवसासाठी आदल्या दुपारीच निघतो. धोका एक ते पाच अशा आकड्यांत असतो. 'तीन' बघून लोकांना वाटतं पाचापैकी तीन, म्हणजे मध्यम, चालेल. तीनचा अर्थ असा की माणसाच्या भाराने उतार सुटण्याची दाट शक्यता. बऱ्याच मृत्यूंच्या दिवशी आकडा तीनच असतो. शिवाय भूभागही साधा, आव्हानाचा आणि गुंतागुंतीचा असा वर्गवारीने दिलेला असतो. दोन्ही एकत्र ताडून बघायचं कार्ड कोर्समध्ये मिळतं, त्याला अ‍ॅव्हॅल्युएटर म्हणतात. नवख्याने तीनच्या दिवशी साध्या भूभागात राहावं, आणि त्यात उणेपणा मानू नये. बहुतेक घातक उतार तीस ते पंचेचाळीस अंशांतले असतात, तुमच्या फोनवरच्या साध्या अ‍ॅपनेही कोन मोजता येतो. तीसपेक्षा कमी कोनाच्या, आणि ज्यांच्या डोक्यावर तीव्र उतार नाही अशा, मोकळ्या माळांवरही ताज्या बर्फात दिवसभर मनसोक्त चालवता येतं.

आणि कोर्स न करता जायचं? माझं उत्तर नाही असं आहे. आखलेल्या वाटेवरून केबिनपर्यंत जाऊन, चहा पिऊन परत येणार असाल, तर तीही वाट कुठे स्खलनाच्या मार्गाखालून जाते का ते तिथल्या स्नोमोबाइल क्लबच्या नकाशावर बघा. त्यापलीकडे नको.

बायकोशी बोलताना एक सांभाळा. प्रमाणपत्र दाखवून 'आता काळजी नको' असं म्हणू नका. ते खरं नाही, आणि त्यांनाही ते कळेल. त्यापेक्षा प्रत्येक वेळी निघताना लिहून द्या: कुठल्या खोऱ्यात, कुणाबरोबर, गाडी कुठे लावणार, किती वाजेपर्यंत निरोप येईल, आला नाही तर कुणाला फोन करायचा. उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र ग्रुपमध्ये असू द्या. आयुर्विम्याच्या अर्जात असे छंद विचारतात, तिथे लपवाछपवी केली असेल तर आधी ती दुरुस्त करा. तुमची मुलगी चार वर्षांची आहे, हे मी वेगळं लिहायला नको.

नाशिकला सांगायचं की नाही? मी सांगेन, सांगा. पण आत्ता नको, कोर्स झाल्यावर. 'मी धोक्याचा छंद करतो' एवढंच ऐकलं तर त्यांना झोप येणार नाही. काय शिकलात, कधी माघार घेता, बरोबर कोण असतं, हेही त्यांनी ऐकलं तर निदान त्यांच्या काळजीला काही आधार मिळेल. सह्याद्रीत पाठवताना त्यांनी तुमच्यावर विश्वास टाकलाच होता ना?

अमेरिकेत डेन्व्हर, सॉल्ट लेक सिटी, सिअ‍ॅटल या बाजूला राहणाऱ्या आणि बर्फात जाणाऱ्या वाचकांनाही हेच लागू आहे. तिथे प्रत्येक भागाचं आपापलं हिमस्खलन केंद्र आहे, रोजचा अंदाज मोफत मिळतो, स्लेडवाल्यांचे वेगळे वर्गही होतात. ज्यांचा नवरा, बायको, मुलगा जातो त्यांनी 'जाऊ नको' म्हणण्याआधी विचारावं, 'तुझ्याबरोबरच्यांनी शोधाचा सराव शेवटी कधी केला?' नुसती मनाई बहुतेक वेळा तोडली जाते, किंवा लपवली जाते. या प्रश्नाला मात्र उत्तर द्यावं लागतं.

शनिवार-रविवारचे स्लेडचे वर्ग लवकर भरतात, तेव्हा हे वाचून झाल्यावर लगेच चौकशी करा. कॅलगरीहून गोल्डन किंवा रेव्हलस्टोकला जाऊन करावा लागला तरी करा. आणि फॅमिली डेच्या आधी कुठेच जागा मिळाली नाही, तर तेवढी ट्रिप सोडा आणि मार्चमधली तारीख धरा. रेव्हलस्टोकच्या वरच्या भागात एप्रिलपर्यंत भरपूर बर्फ असतो.